सुई नेमकी कुठे टोचायची? लेझर आणि सोनोग्राफी एकत्र वापरून होणाऱ्या बायोप्सीबद्दल, सोप्या भाषेत

"आता बायोप्सी विसरा, लेझरचा उजेड टाकला की कॅन्सर स्वतःच आवाज करतो" अशा अर्थाचा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, आधी बिल्डिंगच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या ग्रुपवर, आणि मग शेजारच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "अगं, तू त्या सोनोग्राफी मशीनच्या लाइनमधली ना? मग ती लेझरवाली मशीन आली की तेव्हाच करते तपासणी, आत्ता कशाला सुई टोचून घेऊ, सुई लागली की पसरतं म्हणतात." काकूंच्या मानेत गाठ आहे आणि डॉक्टरांनी बायोप्सी सांगितलीय. मी म्हटलं, "काकू, तुम्ही आधी बायोप्सी करून घ्या, मशीनची वाट बघू नका." पण जिन्यात उभ्या उभ्या यातलं कितीसं समजावणार, म्हणून इथे नीट लिहितेय.

माझं काम हॉस्पिटलमधल्या सोनोग्राफी मशीनच्या देखभालीचं, मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाच्या गाठीबद्दल मी काही सांगणार नाही. मशीनबद्दल सांगू शकते. मेसेजमधलं तंत्र खरं आहे, उजेड टाकून आवाज ऐकणं हेही खरं आहे, फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सुई सरसकट टाळणं यातून होत नाही, सुई योग्य जागी नेणं मात्र होऊ शकतं, आणि ती गोष्ट वाटते तेवढी छोटी नाही.

बायोप्सीत नक्की काय करतात

सोनोग्राफीत, सीटीत किंवा मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) गाठ दिसते, तिचा आकार, तिच्या कडा दिसतात, त्यावरून अनुभवी रेडिओलॉजिस्ट बराच अंदाज बांधतात. पण पेशी दिसत नाहीत. साधी गाठ की कॅन्सरची हे पेशींवरून ठरतं आणि त्यासाठी तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो.

सुईने हे दोन प्रकारे होतं. एक एफएनएसी, बारीक सुई घालून थोड्या पेशी ओढून घ्यायच्या. दुसरी कोअर बायोप्सी, जाड सुई असते आणि एक-दोन सेंटीमीटर लांबीची बारीक पट्टी कापून बाहेर येते. स्तनाच्या गाठीला बऱ्याचदा १४ गेजची सुई वापरतात, म्हणजे साधारण २ मिलिमीटर जाडीची, प्रोस्टेटला १८ गेजची, ती सव्वा मिलिमीटरच्या आसपास (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक). जागा बधिर करण्यासाठी इंजेक्शन देतात, सुई गाठीपर्यंत नेतात आणि मग बायोप्सी गनचं बटण दाबलं की 'टक्' असा आवाज येतो. पेशंट दचकतात ते या आवाजाला, म्हणून चांगले डॉक्टर आधी एकदा ती गन बाहेरच वाजवून दाखवतात. पट्टी फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत जाते, बाटलीवर नावाचं स्टिकर लागतं आणि ती पॅथॉलॉजीला जाते.

ती पट्टी पुढचं सगळं ठरवते. स्तनाचा कॅन्सर असेल तर ईआर, पीआर, हर-२ या टेस्ट त्याच तुकड्यावर होतात आणि कुठली केमो, हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या का, हे त्यावरून ठरतं. म्हणजे तुकडा चुकीच्या जागेचा आला की पुढचं सगळंच अडकतं.

मग चुकतं कुठे?

पहिली अडचण सुई दिसण्याची. सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर फिरवतात तो भाग) आवाजाच्या लहरी आत पाठवतो आणि परत येणाऱ्या लहरींवरून चित्र बनवतो. सुई प्रोबला समांतर असेल तर छान पांढरी रेघ दिसते. पण गाठ खोल असली की सुई तिरकी खाली घालावी लागते, मग तिच्या गुळगुळीत धातूवर आपटलेल्या लहरी भलतीकडेच जातात, प्रोबकडे परत येतच नाहीत, आणि स्क्रीनवरून सुई गायब होते. शिवाय सोनोग्राफीचं चित्र म्हणजे शरीराचा एक पातळ काप असतो, सुई त्या कापातून जराशी बाजूला सरकली तर स्क्रीनवर जे टोक वाटतं ते टोक नसतंच, सुईचा मधलाच भाग असतो, खरं टोक पुढे गेलेलं असतं. डॉक्टर मग सुई किंचित हलवून आजूबाजूचा भाग हलतोय का बघतात, प्रोब वळवतात, परत शोधतात. हे कसब वर्षानुवर्षांच्या सवयीने येतं आणि आपल्याकडे ते भरपूर डॉक्टरांकडे आहे, पण छोटी गाठ, खोल जागा, शेजारी रक्तवाहिनी असं सगळं एकत्र आलं की त्यांनाही घाम फुटतो.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. गाठ आतून सगळीकडे सारखी नसते. मोठ्या गाठीच्या मध्यभागी रक्त पोचत नाही, तिथल्या पेशी मरून जातात, याला नेक्रोसिस म्हणतात. जिवंत पेशी बहुतेक वेळा कडेच्या भागात असतात. सुई अगदी नेमकी गाठीच्या मधोमध गेली तरी मेलेला भागच हाती येऊ शकतो आणि रिपोर्टमध्ये लिहून येतं की सॅम्पल पुरेसं नाही किंवा फक्त नेक्रोटिक मटेरियल मिळालं. कॅन्सर असा शब्द नाही म्हणून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, पण या रिपोर्टचा अर्थ फक्त 'कळलं नाही' एवढाच असतो, आणि बायोप्सी परत करावी लागते.

परत करणं म्हणजे काय हे मुंबईत राहणाऱ्यांनी जरा गावाकडून आलेल्यांच्या बाजूने बघावं. परळला टाटा मेमोरियलमध्ये येणारी किती तरी माणसं विदर्भातून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेली असतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर नातेवाइकाच्या एका खोलीत. सोबतच्याचा रोज बुडतो. तुकडा परत घ्यायचा म्हटलं की नवी तारीख, नवी वाट आणि रिपोर्ट येईपर्यंत ट्रीटमेंट थांबलेली. म्हणून पहिल्याच सुईला योग्य तुकडा मिळणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

वीज चमकते, मग गडगडतं

आता मूळ तंत्राकडे येऊ. मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी मुंबईत रात्री विजा चमकतात, तेव्हा उजेड आधी दिसतो आणि गडगडाट नंतर येतो. वीज ज्या हवेतून जाते ती हवा क्षणात प्रचंड तापते, तापली की झटक्यात पसरते, आणि त्या पसरण्याचा धक्का म्हणजे आपल्याला ऐकू येणारा आवाज. उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांमागे साधारण एक किलोमीटर, की वीज किती लांब कडाडली ते कळतं.

हेच शरीराच्या आत, फार म्हणजे फारच हळुवारपणे करायचं. कातडीवर लेझरचा एक अतिशय छोटा झोत टाकतात, फक्त काही नॅनोसेकंदांचा, आणि नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तो उजेड आत जातो, काही गोष्टी तो शोषून घेतात, मुख्यतः रक्त. शोषला की तिथलं तापमान वाढतं, किती, तर अंशाचा हजारावा भाग वगैरे. तेवढ्यानेही तो भाग कणभर प्रसरण पावतो आणि त्यातून आवाजाची लहर निघते, आपल्या कानाला न ऐकू येणारी पण सोनोग्राफीच्या प्रोबला ऐकू येणारी. शरीरात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो, म्हणजे ३ सेंटीमीटर खोलीवरून लहर वर यायला सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम २० भाग लागतात. मशीन तेवढा वेळ मोजतं. प्रोबमध्ये शंभरेक बारीक तुकडे ओळीने बसवलेले असतात, प्रत्येकाकडे लहर किंचित वेगळ्या वेळी पोचते, त्या फरकावरून लहर नेमकी कुठून निघाली ते काढता येतं आणि चित्र तयार होतं. या पद्धतीला फोटोअकॉस्टिक इमेजिंग म्हणतात, कठीण शब्द एवढा एकच.

मग नुसत्या उजेडाने का बघत नाहीत, आवाजाची भानगड कशाला? अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटाला चिकटवून बघा, बोट लाल दिसतं, म्हणजे उजेड आरपार येतोय, पण आतलं हाड काही दिसत नाही. कारण उजेड आत शिरला की मिलिमीटरभरातच दिशा हरवून चहूकडे पसरतो. आवाज शरीरात उजेडाच्या साधारण हजारपट कमी विखुरतो. म्हणून आत पाठवायचा उजेड, कारण रंगांतला फरक तोच ओळखतो, आणि बाहेर ऐकायचा आवाज, कारण जागा तोच नीट सांगतो.

गंमत म्हणजे हा परिणाम टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलना १८८० मध्येच सापडला होता, सूर्यप्रकाशाचा झोत झपझप तोडून पातळ चकत्यांवर टाकला तर त्या चकत्या आवाज करतात हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा लेझर नव्हता, पहिला लेझर १९६० चा, आणि इतका क्षीण आवाज पकडणारी इलेक्ट्रॉनिक्स त्याहून नंतरची, त्यामुळे औषधोपचारात ही कल्पना यायला शंभर वर्षांहून जास्त गेली.

गाठीत काय दिसतं

रक्त दिसतं. कॅन्सरच्या गाठीला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, अमेरिकन सर्जन ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हे मांडलं आणि आज ते सर्वमान्य आहे. गाठ घाईघाईने रक्तवाहिन्या तयार करून घेते, त्या वेड्यावाकड्या असतात, गळक्या असतात, आणि पेशी ऑक्सिजन भराभर खात असल्यामुळे तिथल्या रक्तात ऑक्सिजन बऱ्याचदा कमी असतो.

ऑक्सिजनवालं रक्त आणि ऑक्सिजन संपलेलं रक्त वेगवेगळ्या रंगाचा उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. कोविडमध्ये घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालायचा. फोटोअकॉस्टिक मशीनमध्ये दोन तरंगलांबीचे, म्हणजे दोन वेगळ्या रंगांच्या उजेडाचे, लेझर आळीपाळीने टाकतात, उदाहरणार्थ ७५७ आणि १०६४ नॅनोमीटर, आणि दोन्ही चित्रांची तुलना करून कुठे ऑक्सिजन कमी ते रंगात दाखवतात. खाली नेहमीची काळी-पांढरी सोनोग्राफी असते, तिच्यावर हे रंग चढवलेले. एकच प्रोब, एकच जेल, एकच स्क्रीन.

आता मघाची मेलेल्या भागाची अडचण आठवा. जिथे रक्त आहे तिथे जिवंत पेशी असण्याची शक्यता जास्त, मध्यभागी जिथे काहीच रंग नाही तिथे सुई नेऊन उपयोग नाही. डॉक्टरला सुई घालायच्या आधीच कळतं की कडेच्या या भागातून तुकडा घ्यायचा आणि ही जाड रक्तवाहिनी टाळायची, म्हणजे रक्तस्रावही कमी.

आणि सुई?

धातूची सुई लेझरचा उजेड चांगली शोषते, त्यामुळे तीही स्वतः आवाज करते. नेहमीच्या सोनोग्राफीत आपण सुईवरून परत येणारी लहर पकडायला बघतो आणि तिरक्या कोनात ती हुकते, इथे लहर सुईतूनच निघते, त्यामुळे कोनाचा त्रास बराच कमी होतो.

पण उजेडाची एक मर्यादा आहे, दोन-तीन सेंटीमीटरच्या पलीकडे तो फार क्षीण होतो. खोलवरच्या सुईपर्यंत बाहेरून उजेड पोचणारच नाही. यावर संशोधकांनी काढलेला उपाय मला मनापासून आवडतो. उजेड बाहेरून न टाकता सुईच्या पोकळीतून एक बारीक ऑप्टिकल फायबर घालायची आणि उजेड थेट सुईच्या टोकाशी सोडायचा. ऐकायला मात्र प्रोब बाहेरच. मग आवाज निघतो तो टोकापासून आणि टोकाच्या आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांतून, म्हणजे टोक कुठे आहे आणि समोर काय आहे दोन्ही एकदम कळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सुईच्या टोकाशी मावणारे फायबरचे आवाज पकडणारे सेन्सरही बनवलेत, तिथे उलट्या बाजूने, प्रोबने पाठवलेला आवाज सुईच ऐकते आणि स्वतःची जागा सांगते. हे सगळं अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि संशोधनाच्या पातळीवर आहे हे ध्यानात ठेवा.

"पण कलर डॉप्लरमध्ये रक्त दिसतंच की"

हा प्रश्न आमच्याच लाइनमधले लोक विचारतात आणि बरोबर विचारतात. कलर डॉप्लर हा सोनोग्राफीचाच प्रकार, तो रक्ताची हालचाल पकडतो. रक्त वेगाने वाहत असेल, वाहिनी बऱ्यापैकी मोठी असेल तर उत्तम दिसते. बारीक वाहिन्यांतलं संथ रक्त त्याच्या हातून सुटतं. फोटोअकॉस्टिकला रक्त हलायची गरजच नाही, रक्त आहे एवढं पुरतं, आणि ऑक्सिजनचा अंदाज मिळतो जो डॉप्लर देऊ शकत नाही. उलट खोलवरच्या मोठ्या वाहिनीसाठी डॉप्लरच सरस. एकाने दुसऱ्याला काढून टाकावं असं यात काही नाही.

"एवढं दिसतंय तर मग तुकडा काढायचाच कशाला?"

मेसेजची गाडी इथेच घसरते. अमेरिकेत १६ सेंटरमध्ये स्तनाच्या गाठींवर याची मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये रेडिओलॉजीच्या जर्नलमध्ये ती छापून आली. साध्या गाठींपैकी नुसत्या सोनोग्राफीत २८.१ टक्के गाठी साध्या म्हणून बरोबर ओळखल्या गेल्या, फोटोअकॉस्टिक जोडल्यावर ४३ टक्के. म्हणजे बऱ्याच बायकांची विनाकारण सुई वाचू शकते, हे चांगलंच आहे. पण कॅन्सरच्या गाठींपैकी किती पकडल्या, तर सोनोग्राफीने ९८.६ टक्के आणि जोडतपासणीने ९६ टक्के. म्हणजे शंभर कॅन्सरमागे चार निसटले. ते चार ज्यांच्या घरातले असतील त्यांना 'आता बायोप्सी विसरा' असं कोण सांगणार?

शिवाय आपल्याकडचा एक खास घोळ आहे, टीबी. मुंबईत मानेतली गाठ म्हटलं की डॉक्टरांच्या मनात कॅन्सरइतकाच टीबी येतो. टीबी असो नाहीतर कुठलंही इन्फेक्शन, सूज आली की तिथे रक्तपुरवठा वाढतोच, मग रंगीत चित्रात तेही भरपूर रक्तवाला भाग म्हणूनच दिसणार. रक्त बघून टीबी की लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) की दुसरीकडून पसरलेला कॅन्सर हे ठरवता येत नाही. एकाला टीबीच्या गोळ्या, दुसऱ्याला केमो, इतका फरक आहे. काकूंचं नेमकं हेच आहे, म्हणून मी त्यांना थांबू नका म्हणाले.

"लेझरने भाजलं तर?"

सर्जरीत कापायला वापरतात तो लेझर आणि हा यांत खूप फरक आहे. कातडीवर प्रत्येक झोतात किती ऊर्जा पडू द्यायची याची आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेली आहे, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडासाठी प्रत्येक चौरस सेंटीमीटरला २० मिलिज्यूल, आणि मशीन त्याच्या आत चालवतात. यात एक्स-रेसारखं रेडिएशनही नाही. खरी काळजी डोळ्यांची. खोलीतल्या सगळ्यांना, पेशंटलाही, खास चष्मा घालावा लागतो.

"सुई लागली की कॅन्सर पसरतो"

ही भीती आपल्याकडे इतकी खोल बसलीय की लोक महिनोन्महिने गाठ लपवतात, झाडपाल्याचे लेप लावतात, आणि मग गाठ फुटल्यावर हॉस्पिटलमध्ये येतात. तेव्हा कॅन्सर पसरलेला असतो तो या महिन्यांमुळे, पण नाव येतं सुईवर, कारण सुईनंतरच घरच्यांना कळलेलं असतं की पसरलाय.

या भीतीत काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सुईच्या मार्गावर पेशी रुजणं अगदी क्वचित होतं. लिव्हरच्या मुख्य कॅन्सरमध्ये बायोप्सीनंतर हे प्रमाण सुमारे २.७ टक्के निघालं होतं, आणि म्हणूनच सिरॉसिस (लिव्हर खराब होऊन कडक होणं) असलेल्या पेशंटमध्ये सीटी-एमआरआयची खूण स्पष्ट असेल तर डॉक्टर तिथे सुई न घालताच निदान करतात. अंडकोशाच्या संशयित गाठीत सुई घालत नाहीत. हाडाच्या आणि मांसल भागाच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे सार्कोमामध्ये, सुई कुठून घालायची हे आधी सर्जनशी बोलून ठरवतात, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी तो मार्गही काढून टाकता येतो. थोडक्यात, कुठे धोका आहे हे डॉक्टरांना माहीत आहे आणि त्याप्रमाणे नियम ठरलेत. स्तन, मान, प्रोस्टेट अशा ठिकाणी बायोप्सी न करण्याचा धोका करण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. आणि सुई नीट दिसली तर टोचणंही कमी वेळा होईल, हा या नव्या तंत्राचा फायदा इथेही लागू पडतो.

सावळ्या कातडीचा प्रश्न

याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. उजेड गाठीपर्यंत पोचायच्या आधी कातडीतून जातो, आणि कातडीचा रंग ज्याच्यामुळे असतो ते मेलॅनिन उजेड शोषतं. गोऱ्या कातडीत कमी, सावळ्या कातडीत जास्त. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, आत पोचणारा उजेड कमी होतो, म्हणजे खोलवरचं चित्र फिकं. दुसरी, कातडी स्वतःच जोरात आवाज करते आणि तो गोंगाट खालच्या चित्रात मिसळतो, जिथे काही नाही तिथेही काहीतरी असल्यासारखं दिसतं. ऑक्सिजनचा हिशोबही त्यामुळे चुकू शकतो.

ही कल्पनेतली भीती नाही. ऑक्सिमीटरच्या बाबतीत हे घडलेलं आहे, २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की ऑक्सिमीटर ठीक दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटपेक्षा कृष्णवर्णीय पेशंटमध्ये जवळपास तिप्पट होतं. फोटोअकॉस्टिकमध्ये यावर काम सुरू आहे, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मुयिनाटु बेल यांच्या लॅबने चित्र बनवायची गणिती पद्धत बदलून कातडीच्या रंगाचा परिणाम कमी करता येतो हे दाखवलंय. सुईतून उजेड सोडला तर कातडीचा अडथळा येतच नाही, म्हणून आपल्यासाठी तो मार्ग मला जास्त आशेचा वाटतो.

पण परदेशात बहुतांश गोऱ्या बायकांवर तपासलेलं मशीन तसंच्या तसं आणून आपल्या हॉस्पिटलमध्ये लावायला माझा विरोध आहे. आधी इथल्या कातडीवर, इथल्या टीबीच्या गाठींसकट त्याची चाचणी व्हायला हवी आणि त्याचे आकडे लोकांसमोर यायला हवेत.

मुंबईत कधी येणार मग?

औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२१ मध्ये सेनो मेडिकल कंपनीच्या इमॅजिओ या स्तन तपासणीच्या मशीनला मान्यता दिली, तीही सोनोग्राफीसोबत, डॉक्टरला गाठ किती संशयास्पद आहे ते ठरवायला मदत म्हणून. बायोप्सीची सुई न्यायला याचा रोजचा वापर ही पुढची पायरी आहे. आपल्याकडे बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत या विषयावर संशोधन चालतं. खर्चाचा मोठा भाग लेझरचा असतो, म्हणून लेझरऐवजी एलईडी वापरायचे प्रयत्न झालेत आणि तसं जपानी मशीन संशोधनासाठी मिळतं, एलईडीचा झोत खूप कमजोर असल्यामुळे ते कातडीच्या जवळच्या भागापुरतंच चालतं, पण स्वस्त आणि आटोपशीर. फुप्फुसातल्या गाठीसाठी मात्र हे बाहेरून चालणार नाही कारण हवेतून या लहरी येत नाहीत, आणि मॅमोग्राफीत दिसणाऱ्या बारीक कॅल्शियमच्या ठिपक्यांसाठी मॅमोग्राफीवरच सुई न्यावी लागते.

आणि मशीन येईपर्यंत काहीच होत नाही असंही नाही. याच मुंबईत टाटा मेमोरियलच्या टीमने दीड लाखांहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, ३५ ते ६४ वयाच्या, वस्त्यांमध्ये राहणाऱ्या. ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका फक्त हाताने स्तनाची तपासणी करायच्या, दोन वर्षांतून एकदा. २०२१ मध्ये निकाल छापून आला, पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. लेझर नाही, सोनोग्राफीही नाही. वेळेवर गाठ सापडली आणि बायोप्सीपर्यंत पोचली, एवढंच.

आत्ता बायोप्सीला जायचं असेल तर

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हार्टच्या पेशंटना असतातच, तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. जुने रिपोर्ट नुसते घेऊन जाऊ नका, सोनोग्राफी-सीटीच्या फिल्म किंवा सीडीही न्या, सुई कुठून घालायची ते डॉक्टर त्या बघून ठरवतात. सोनोग्राफी बघत सुई घालणार का हे विचारायला लाजू नका. टीबीचीही शंका असेल तर थोडा तुकडा फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये वेगळा ठेवणार का हे तुकडा काढायच्या आधी विचारा, कारण फॉर्मॅलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात आणि मग कल्चर (जंतू वाढवून बघायची टेस्ट) होत नाही. ही दुसरी बाटली कधीकधी नातेवाइकांच्याच हातात देऊन लॅबला पाठवतात, ती पिशवीत दिवसभर फिरवू नका, तशीच नेऊन द्या.

'सॅम्पल अपुरं' असा रिपोर्ट आला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना परत भेटा. आणि कॅन्सर निघाला, दुसऱ्या हॉस्पिटलला जायचं ठरलं, तर नुसता कागद पुरत नाही, पॅथॉलॉजी लॅबमधून पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचाच तुकडा, टाटासारख्या ठिकाणी तो परत तपासतात, आणि तो हातात असेल तर बऱ्याचदा दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागत नाही.